पाहुण्यांचा नेम

२२ मे १९९४, रविवार

घसा बसलाय, तरी लिहितो. असा दिवस वर्षाला एखादाच मिळतो.

शिबिराचा आज समारोप झाला. सोनिवलीचा माळ कमळाकर शेठचा. मुलांना धनुष्यबाण आणि छऱ्याची बंदूक शिकवायला उन्हाळ्यात ते तो आमच्या मंडळाला फुकट देतात, म्हणून प्रमुख पाहुणेही तेच. प्रमुख पाहुण्यानं नारळ फोडावा, चार शब्द बोलावेत, त्यांचे चारशे होऊ देऊ नयेत आणि शाल घेऊन घरी जावं. आमच्या चंदूला तेवढ्यानं भागत नाही. चंदू म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी. शाळेत माझ्या बाकावर बसायचा आणि मास्तरांच्या सायकलीत हवा भरायचा. तो धंदा त्यानं अजून सोडलेला नाही. त्यानं शेठच्या हातात धनुष्य दिलं. समोर पेंढ्याचं लक्ष्य, त्यावर लाल फुगा. शेठनी छाती काढून दोरी ओढली आणि सोडली. दोरी वाजली, धनुष्य थरथरलं आणि बाण घसरून त्यांच्याच चपलेपाशी पडला.

माईक माझ्या हातात होता. सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच असतं, कारण मंडळात दुसऱ्या कुणाला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. मी म्हणालो, "बाण संस्कारी घरातला दिसतोय. पाहुण्यांना बघितल्याबरोबर पाया पडला."

सगळा माळ हसला. आया हसल्या, पोरं लोळली, उल्हासनगरच्या कॅम्प पाचहून आलेले सिंधी पालक एकमेकांना टाळ्या देत होते, "क्या बोला साईं, क्या बोला." शेठही हसले. म्हणजे दात दिसले.

अंजना तेवढी हसली नाही. धनुष्याचा वर्ग तीच घेते. तिनं बाण उचलून शेठच्या हातात दिला आणि काहीतरी हळू बोलली. पोरगी माझी, पण विनोदबुद्धी आईच्या माहेरची.

१९ जून १९९४

'संस्कारी बाण' साप्ताहिकातल्या माझ्या सदरात छापून आला. कंपनीच्या कँटीनमध्ये तिघांनी मोठ्यानं वाचला. मी कंपनीत तपासनीस आहे. मशीनवरून आलेल्या तुकड्याला गेज लावायचं, बसलं नाही की लाल ठिपका. इतकी वर्षं ठिपके देऊन माझी नजर अशी झालीय की माणूस समोर आला की आधी तो कुठे बसत नाही तेच दिसतं. लोक याला तिखट जीभ म्हणतात. मी याला कामाची सवय म्हणतो.

शेठकडे कामाला असलेला जनू अंबरनाथ स्टेशनबाहेर भेटला. सांगत होता, सोनिवलीत पोरांना नवा खेळ सापडलाय. शेठ दिसले की हातातली काडी त्यांच्या पायाशी टाकायची आणि वाकून नमस्कार करायचा. भाच्याच्या हळदीतही कुणीतरी केलं. शेठची आई मोतीबाई, ऐंशीच्या घरातली, तिनं जेवताना मुलाला विचारलं, रे, तू काय केलास आसा?

मी हे घरी जेवताना सांगितलं. ही हसली, मग अंजनाकडे बघून थांबली. अंजना म्हणाली की शेठ आता घरातून मागच्या आळीनं बाहेर पडतात. मी म्हणालो, चांगलंय, तेवढंच चालणं होईल. ती ताट घेऊन मोरीत गेली.

तिचं दुखणं मला ठाऊक आहे. कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या कारखान्यातली टायपिंगची नोकरी सोडून तिनं धनुष्य धरलंय. तिला माळाचा तो बांधाकडचा कोपरा बारा महिने हवाय, रोजच्या वर्गासाठी. तो शेठ देतील तर मिळणार. म्हणून त्यांनी बाण पायावर पाडला तरी आपण फुलं वाहायची का? जागा त्यांची आहे. जीभ माझी आहे.

२ एप्रिल १९९५

चंदू आला होता. चेहरा पडलेला. माळाच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात चुन्याच्या रेघा पडल्यात, प्लॉट पाडायचे चाललेत. बांधाकडचा कोपरा वर्गाला द्यायचा की तोही प्लॉटमध्ये घालायचा, हे शेठ यंदाच्या समारोपाला जाहीर करणार म्हणे. पाहुणे म्हणून यायलाही तयार आहेत. फक्त एक अट घातलीय. धनुष्य पुन्हा हातात द्यायचं आणि फुगा तोच, लाल.

चंदू म्हणाला, माणूस हट्टाला पेटलाय, पुन्हा चुकला तर कोपराही गेला. अंजना गुडघ्यावर नवी दोरी वळत बसली होती. जुन्या कारखान्यातून जीन्स शिवायचा जाड दोरा आणते, त्याला मेण लावून दोऱ्या करते. बाजारच्या दोरीला भारी पडते.

मी म्हणालो, चुकू दे की, मला यंदाच्या सदराला विषय हवाच होता. चंदूनं कपाळाला हात लावला. भित्र्यांची एक गंमत असते, त्यांना विनोद आधी कळतो आणि हसू सगळ्यात शेवटी येतं.

१८ एप्रिल

जनू दुपारी घरी आला. अंजना बाहेर होती. शिबिरातले जुने, वाकलेले बाण असले तर हवे होते. कशाला म्हटलं, तर चुळबुळ करत म्हणाला, आसंच, वाड्यान पोरा खेलतान. मी कोपऱ्यातला गठ्ठा दिला. शेठना मूल नाही, वाड्यात पोरं कुठली? मोतीबाईच्या वाळवणावर कावळे येत असतील. बाण कावळ्यांच्याही पाया पडतील.

८ मे

शिबिर सुरू. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर मिळून पोरं भरपूर, सावली कमी. छऱ्याची बंदूक माझ्याकडे, धनुष्य अंजनाकडे. कॅम्प एकचा एक पोरगा सकाळपासून विचारतोय, "अंकल, असली गोली कब आयेगी?" त्याला सांगितलं, तू कागदाला छरा लाव, मग तुझ्या नावानं तोफ मागवतो.

अंजनाचं शिकवणं मात्र कडक. जमिनीवर चुन्याची रेघ. शिट्टी वाजल्याशिवाय रेघेपुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. बाण आणायला सगळ्यांनी एकदम जायचं, एकदम यायचं. एका पोरीची चप्पल रेघेपुढे गेली तर तिला दिवसभर धनुष्य दिलं नाही. पोरीची आई भांडायला आली. अंजना तिला म्हणाली, "बाई, बाणाला डोळे नसतात, म्हणून आपल्याला ठेवावे लागतात." बापाची पोरगी शोभली.

संध्याकाळी शेठ येऊन बांधावर उभे राहिले. बराच वेळ अंजनाच्या कोपराकडेच बघत होते, ती पोरांना दोरी हनुवटीपर्यंत कशी आणायची ते दाखवत होती तेव्हा. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. प्लॉटच्या बयाण्याच्या नोटा मोजून फोड आले असणार. हे वाक्य सदरासाठी राखून ठेवतो.

१४ मे

डोकं भणभणतंय.

चंदूनं आज योजना काढली. लक्ष्याच्या पेंढ्यात मधोमध आरपार भोक पाडायचं. भोकाच्या तोंडावर फुगा. लक्ष्यामागे माणूस बसवायचा, हातात बांबूची कामटी, कामटीच्या टोकाला दाभण. पाहुण्यांनी दोरी सोडली की यानं भोकातून दाभण टोचायचं. फुगा फट, टाळ्या, शाल, कोपरा आपला. बाण कुठेही जाईना का, गर्दी फुग्याकडे बघत असते.

मी विचारलं, आणि बाण लक्ष्याच्या बाजूला आला तर? चंदू म्हणाला, "अरे, त्या माणसाचा बाण त्याच्या पायाच्या पुढे जात नाही, तूच तर छापलंयस."

मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो. म्हणालो, मुलांना नेम धरायला शिकवायचं आणि त्यांच्यासमोर फुग्याला दाभण टोचायचं, मग शिबिराला जत्रा म्हणा आणि पाळणा लावा. म्हणालो, असं काही केलंत तर माईकवरून सांगेन. झालं. सूत्रसंचालन माझ्याकडून काढलं. हात वर करून काढलं. वर गेलेल्या हातांत अंजनाचा होता.



१७ मे

मागे बसायला कुणी तयार होईना. चंदूला गुडघेदुखी आठवली. जनूला सांगता येत नाही, तो शेठचा माणूस. काल कळलं, अंजना बसणार.

ज्या पोरीनं चप्पल रेघेपुढे गेली म्हणून दुसऱ्याच्या लेकीला दिवसभर बसवून ठेवलं, ती स्वतः लक्ष्यामागे बसणार, दाभण घेऊन. मी घरात आवाज चढवला. ही मध्ये पडली, तिच्यावरही चढवला. म्हणालो, हे शिक्षण नाही, हे हुजरेगिरीचं प्रशिक्षण आहे. खरं सांगायचं तर बाण लागेल ही भीती मलाही नव्हती. शेठचा बाण कुणाला लागणार? मला संताप आला तो खोटेपणाचा.

अंजना मग म्हणाली, "अण्णा, एकच मागते. त्या दिवशी काही बोलू नका. चुकले तरी, लागला तरी."

दिला शब्द. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या घरात गप्प बसायचं वचन द्यावं लागतं.

२२ मे

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज जसं झालं तसं लिहितो.

मी मागच्या ओळीत बसलो. माईकवर चंदू. त्याच्या तोंडी 'आदरणीय' हा शब्द घामासारखा सुटत होता. शेठ आले, पांढरे कपडे, पायात या वेळी बूट. मोतीबाईलाही आणलं होतं, पहिल्या रांगेत खुर्चीवर. पोरं कुजबुजायला लागली, एकानं काडी खाली टाकली, त्याला आईनं चिमटा काढला.

शेठ रेघेवर उभे राहिले. पाय जुळवले, मग उजवा मागे घेतला. दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि थांबले. मला आठवतंय, मला वाटलं, नाटक बरं बसवलंय. सोडली.

फुगा फुटला. टाळ्या, शिट्ट्या. शेठनी धनुष्य वर धरलं आणि आधी आईकडे बघितलं. मोतीबाईनं दोन्ही हातांची बोटं कपाळाला मोडली. मग त्यांनी मागच्या ओळीत माझ्याकडे बघितलं. चेहरा दहावीला पास झालेल्या पोरासारखा.

ते मला सहन झालं नाही. खोटं कौतुक मी घरच्यांचं सहन करत नाही. मी बसल्या जागेवरूनच म्हणालो, आवाज माझा खणखणीत आहे त्याला मी काय करणार, "नेम कुणाचा लागला ते जरा पेंढ्याला विचारा."

पुढचे लोक वळले. हसायला आले होते, पण शेठच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. शेठ म्हणाले, "या, दाखवतो." आणि लक्ष्याकडे चालायला लागले. चंदू माईक टाकून धावला, दंड धरला, शेठ, आधी शाल, शेठ, फोटो. त्यांनी त्याला झटकलं. फुग्याच्या चिंध्या बाजूला केल्या, बाण शोधला. बाण पेंढ्यात नव्हता. भोकातून पलीकडे गेला होता. ते वळसा घालून मागे गेले.

अंजना बांधाला टेकून बसली होती. ओढणीचा बोळा दातात. बाण उजव्या तळव्यातून आरपार. टाळ्या वाजत होत्या तेवढा सगळा वेळ ती तशीच बसली होती, ओरडली असती तर कळलं असतं म्हणून.

शेठचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. आईला हाक मारली त्यांनी. पन्नाशीच्या माणसानं.

त्यांच्याच जीपमधून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. बाण कापून काढला. मी बाहेर बाकावर चंदूला जे बोललो ते इथे लिहीत नाही, कागद खराब होईल. जनूलाही सोडलं नाही. बाण मागायला आला तेव्हा सरळ सांगायला काय झालं होतं त्याला? वाड्यात पोरं खेळतात म्हणे. वर्षभर गुरांच्या गोठ्यामागे शेठ पेंढ्यावर बाण मारत होते आणि हा वेचून आणत होता.

एवढं खरं की मी बोललो नसतो तर शेठ मागे गेलेच नसते आणि पोरगी आणखी किती वेळ तशी बसली असती देव जाणे. हे कुणी बोलून दाखवत नाही.

३१ मे

डॉक्टर म्हणतात, जखम भरेल. तर्जनी आणि मधलं बोट मिटेल असं ते सांगू शकत नाहीत. दोरी त्याच दोन बोटांनी ओढतात.

शेठ आले होते. खुर्ची दिली, बसले नाहीत. अंजनाच्या गादीपाशी जमिनीवर बसले. मी मनाशी ठरवलं होतं की माफी मागायला लागले तर मोठेपणानं थांबवायचं. त्यांनी मागितली नाही. तिच्या बँडेजकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुमी हसलाव त्याचा मना काय नाय. हसलाव म्हनून मी शिकलू. पन माजा नेम लागल, आसा तुमच्यातल्या येकाला पन वाटला नाय?"

मी म्हणालो, या प्रकाराला माझा पहिल्या दिवसापासून विरोध होता, बैठकीतल्या कुणालाही विचारा. त्यांनी मान हलवली आणि हिच्याकडे पाणी मागितलं.

ते गेल्यावर मी अंजनाला विचारलं. रागावून नाही, साधं विचारलं, की तू का बसलीस? चंदू बसला असता, कुणीही बसला असता, नसतं बसलं कुणी तर फार तर शेठ पुन्हा चुकले असते. जगबुडी येणार नव्हती.

ती छताकडे बघत म्हणाली, "ते चुकले असते तर तुम्ही बोलला असता. शब्द दिला होता, तरी बोलला असता. आणि ते मग सोनिवलीत राहिले नसते, अण्णा."

गोळ्या जबरदस्त दिल्यात डॉक्टरांनी. झोपेत काहीबाही बोलते.

९ जुलै

शेठनी कोपरा दिला. कागद करून दिला, वर्गाच्या नावानं, मंडळाच्या नाही. चंदू तडफडतोय, ते बघून बरं वाटलं. बाकी माळ प्लॉटमध्ये गेला. अंजनानं अट घातली, तिथे समारंभ होणार नाही, पाहुणे नाहीत, माईक नाही. उत्तम. हेच तर मी सांगत होतो.

आणखी एक अट होती. ती तिनं मला स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता सांगितली, डाव्या हातानं. मी थोडे दिवस वर्गावर येऊ नये. मी विचारलं, बंदूक कोण बघणार? म्हणाली, बंदूक बंद ठेवलीय. मी विचारलं, थोडे दिवस म्हणजे किती? भाजी निवडत राहिली.

माझ्या लेकीच्या वर्गात मला मज्जाव. हिला म्हणालो, बघ तुझ्या लेकीचं. ही म्हणाली, "बघतेय. तुमच्यापेक्षा जास्त दिवस बघतेय." सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

१९ नोव्हेंबर १९९५, रविवार

गेलो. बापाला लेकीचा वर्ग बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्लॉटांवर जोती उभी राहिलीत, विटांचे ढीग, त्यांच्यामधून वाट. कोपऱ्यावर पोहोचण्याआधीच आवाज आला. हसण्याचा. मी ढिगाआड थांबलो. लपलो नव्हतो, दम लागला होता.

रेघेवर पोरं, आणि पोरांच्या ओळीत शेठ, पायजमा खोचलेला. अंजनानं धनुष्य उजव्या तळव्याच्या बेचक्यात टेकवलेलं, दोरी डाव्या हातानं ओढत होती. त्या हाताला सवय नव्हती. सुटला तो बाण लक्ष्यावरून गेला, बांधावरून गेला आणि पलीकडच्या करवंदीत शिरला. शेठ गंभीरपणे म्हणाले, "बाई, बाणाला भूक लागली व्हय?" आणि सगळी पोरं, शेठ, जनू, हसत सुटले. अंजना सगळ्यात जास्त. खाली बसली हसता हसता, डोळे पुसत. मी तिला असं हसताना कधी बघितलं, आठवत नाही. शिट्टी वाजवली आणि सगळे एकदम करवंदीकडे धावले, बाण शोधायला, काटे लागले की ओरडत.

चांगलं वाक्य होतं. माझ्याकडे त्यावर आणखी चांगलं होतं. मी पुढे झालो.

आधी एका पोरानं बघितलं. त्यानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मग करवंदीतून एकेक जण बाहेर आला आणि रेघेमागे उभा राहिला, सावधानमध्ये असावा तसा. शेठनी पायजम्याचा खोचा सोडला. मी विचारलं, काय झालं एवढं हसायला? अंजना म्हणाली, "काही नाही, अण्णा."

जनूनं कुठून तरी लोखंडी खुर्ची आणली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि माझ्यासाठी रेघेच्या बाजूला मांडली. एका मुलीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, दोन्ही हातांनी. मी म्हणालो, चालू दे तुमचं, मी नुसता बघतोय. बोलणार नाही काही.

ऊन चांगलं होतं. बराच वेळ बसलो. मी उठून निघेपर्यंत एकानंही धनुष्य हातात घेतलं नाही.